वीस मायक्रॉनची आगगाडी

एकतीस वर्षं मला पगार मिळाला तो इतरांनी बनवलेल्या वस्तू नाकारण्याचा. त्या काळात मी स्वतः एक खिळासुद्धा बनवला नाही. आकुर्डीच्या बाजूला एका कंपनीत मी आवक तपासणी विभागात होतो. दुचाकी गाडी एकाच कारखान्यात बनते असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिचे शेकडो बारीक तुकडे भोसरी, चिखली, चाकण इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये बनतात, टेम्पोत बसून येतात आणि कंपनीच्या दारात माझ्यासारख्या माणसासमोर थांबतात. मी मायक्रोमीटर लावायचो. माप बरोबर आलं तर हिरवा टॅग, चुकलं तर लाल. हिरव्या टॅगचं पुडकं मला दोन दोन वर्षं पुरायचं आणि लाल टॅगचं पुडकं दिवाळीच्या आत संपायचं. शॉपवर मला 'लाल्या' म्हणत. मला ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी ते घरी आणून चार दिवस तपासलं. दिवसाला अकरा सेकंद मागे पडत होतं. सुमनने, म्हणजे माझ्या पत्नीने, ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "परत करायला जाऊ नका. भेट आहे ती, लॉट नाही."

पुढच्या महिन्याभरात मी आमचं घर तपासलं. पोळ्यांची जाडी, चहातली साखर, कामवाल्या मावशींच्या येण्याची वेळ, सगळं. मावशींनी काम सोडायची भाषा केली तेव्हा सुमन म्हणाली, "अहो, तुम्ही आता स्वतःच काहीतरी बनवा. आम्ही तपासतो."

म्हणून मी वाफेचं इंजिन बनवायला घेतलं.

लोक विचारतात, इंजिनच का? माझं लहानपण चाळीसगावकडचं. वाफेची इंजिनं मी जवळून पाहिली होती आणि त्यांचा एक गुण मला तेव्हापासून भावला होता. त्यांचं सगळं बाहेर असतं. दांडा कुठे जातो, चाक का फिरतं, चुकलं तर कुठे चुकलं, ते उघड्यावर दिसतं. तपासनिसाला यापेक्षा काय हवं?

हा छंद काय असतो तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की मी खेळण्यातली गाडी जोडत बसतो. माझं इंजिन मीटरभर लांब आणि साठ किलो वजनाचं आहे. दोन रुळांमधलं अंतर पाच इंच. त्यात खराखुरा कोळसा जळतो, खरं पाणी उकळतं, खरी वाफ होते आणि ती वाफ पिस्टन ढकलते. मागे छोट्या ट्रॉलीवर तीन मोठी माणसं बसली तरी ते ओढून नेऊ शकतं. आराखडे विलायतेहून मागवता येतात. ओतीव भाग आपल्या इथल्या फाउंड्रीवाल्याच्या हातापाया पडून करून घ्यायचे. बाकीचं सारं घरच्या छोट्या लेथवर कातायचं, कापायचं, घासायचं. मला चार वर्षं लागली.

आराखड्यात चाकांच्या आसाबद्दल एक सूचना होती. आस बुशमध्ये बोटाने सहज फिरेल इतका सैल ठेवावा. हे वाचून मी मोठ्याने हसलो. ड्रॉइंगवर 'सहज' आणि 'सैल' असे शब्द? बोट कोणाचं, तेही लिहिलेलं नव्हतं. एकतीस वर्षं मायक्रॉन मोजलेल्या माणसाला असलं मोघम चालतं होय? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस, ज्यांच्या डोक्यावर अजून आहे त्यांचा, सत्तर मायक्रॉनच्या आसपास भरतो. मी आस आणि बुश यांच्यात फक्त आठ मायक्रॉन अंतर ठेवलं. आस सोळा मिलिमीटरचा घेतला, कारण सोळा हे माप नोकरीत माझ्या हाताला चिकटलं होतं. एक जुनं गेजही घरी होतं. आठ मायक्रॉनचा आकडा मी वहीत लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता रशीदभाईंकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

भोसरीत त्यांची एक शेड होती. दोन लेथ आणि तीन कामगार. गाडीच्या किकच्या दांड्यावर बसणारं बुश ते आम्हाला पुरवायचे. बुश म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवतीची धातूची बांगडी. तिचं भोक सोळा मिलिमीटर. एकदा त्यांच्या एका लॉटमध्ये हे भोक मर्यादेपेक्षा वीस मायक्रॉन मोठं निघालं. मी लाल टॅग लावला. रशीदभाई स्वतः धावत आले. एका हातात बुश, त्यात दांडा घातलेला, तो बोटाने फिरवून दाखवत म्हणाले, "साहेब, बघा कसं फिरतंय. हे गरम होणार, मग बुश आतून आवळणार. तेलाला जागा नको का?"

मी म्हणालो, "ड्रॉइंगवर तेल लिहिलेलं नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. कँटीनमध्ये मी ते दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा लोक हसले. तो त्यांचा त्या वर्षातला तिसरा नाकारलेला लॉट होता, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांचा व्हेंडर कोड बंद झाला. म्हणजे कंपनीचं दार त्यांच्यासाठी बंद.

सहा महिन्यांनी डिझाइन विभागाकडून सुधारित ड्रॉइंग आलं. इंजिन तापलं की किक अडकते अशा तक्रारी आल्या होत्या, म्हणून भोकाची मर्यादा वाढवली होती. वीस मायक्रॉनने. 'ड्रॉइंग मिळाले' म्हणून त्या कागदावर सही माझी आहे. रशीदभाईंना हे सांगायला मला भोसरीपर्यंत बसचं एक तिकीट काढावं लागलं असतं. मी ते काढलं नाही, पुढच्या अठरा वर्षांतही काढलं नाही. निर्णय दिला तेव्हा तो त्या वेळच्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होता, असं मी स्वतःला सांगत आलो. ऑडिटमध्ये हे उत्तर चाललंही असतं.

मग बॉयलरची पाळी आली. मॉडेल इंजिनाचा बॉयलर तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदी मिसळलेल्या रॉडने जोडतात. सुमन म्हणाली, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मला चांदीची वाटी नाही, बॉयलरला चांदी." पण एवढं तांबं एकदम लालबुंद करणं हे घरगुती टॉर्चचं काम नव्हतं. पिंपरीतल्या तांब्याच्या दुकानदाराला विचारलं, हात कोणाचा चांगला? तो म्हणाला, "भोसरीचे रशीदभाई. शीतगृहांच्या नळ्या तेच जोडतात. त्यांचा सांधा गळत नाही."

शेवटी तिकीट काढावंच लागलं. बसमध्ये मी माफीची वाक्यं पाठ केली. शेडमध्ये गेलो तर लेथ कुठे दिसेनात. त्यांच्या जागी तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आणि गॅसचे सिलिंडर. रशीदभाईंनी मला ओळखलं, स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "या साहेब. आज कोणाला रिजेक्ट करायला आलात?"

मी हसलो, चहा घेतला, तांब्याचे पत्रे टेबलावर मांडले आणि माफी तशीच घेऊन घरी आलो. पुढे तीन महिने दर रविवारी जात राहिलो. ते टॉर्च धरायचे, मी पत्रे धरायचो. तांबं चेरीसारखं लाल झालं की रॉड टेकवायचे आणि चांदी सांध्यातून पाण्यासारखी पळायची. मी भिंगातून सांधा बघायचो. ते माझ्याकडे बघायचे. दर रविवारी परतताना ठरवायचो, पुढच्या रविवारी नक्की. घोडं तिथेच पेंड खात होतं.

बॉयलर तयार झाल्यावर त्याची चाचणी घ्यावी लागते. आत थंड पाणी भरायचं आणि हातपंपाने रोजच्या दुप्पट दाब द्यायचा. पाणीच का? तर सांधा फुटला तर पाणी नुसतं ओघळतं, कोणाच्या अंगावर येत नाही. मी हे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायला घेतलं. अर्ध्या तासात ग्रुपवर फोटो आला आणि खाली लिहिलेलं, 'पार्किंगमध्ये स्फोटक सदृश वस्तू'. चेअरमन, सेक्रेटरी आणि तीन सदस्य खाली आले. चेअरमनांनी विचारलं, "याचं सर्टिफिकेट आहे का?"

मी म्हणालो, "आत्ता तेच चाललंय. साडेपाच किलोच्या दाबावर चालणार, अकरा किलोला तपासतोय."

"तरी पण सभासदांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि पाचही जण लिफ्टने वर गेले. त्या लिफ्टच्या तपासणीची मुदत संपून किती दिवस झाले हे आत चिकटवलेल्या कागदावर वाचता येतं. मी रोज वाचतो आणि जिन्याने जातो. बॉयलरचा काटा अकरावर अर्धा तास ढिम्म उभा राहिला. रशीदभाईंच्या सांध्यातून एक थेंब आला नाही. मी घरी जाऊन वहीत 'योग्य' असं लिहिलं आणि तो शब्द इतका अनोळखी वाटला की पुन्हा एकदा वाचून पाहिला.

एव्हाना बातमी पसरली होती आणि लोक बघायला येऊ लागले. माझ्या जुन्या साहेबांनी दहा मिनिटं पाहिलं आणि विचारलं, याचं प्रेझेंटेशन आहे का? ताथवड्याचा एक संगणकवाला तरुण आला. तो हुशार होता, त्याला सगळं पटकन समजलं, फक्त हे मोबाइलवरून का चालत नाही एवढं समजलं नाही. चाकणच्या एका कारखानदाराला त्याच्या नव्या ऑफिसच्या दर्शनी भागात ठेवायला असंच इंजिन हवं होतं. अटी तीन होत्या. धूर नको, आवाज नको, तेलाचा वास नको. मी त्यांना फोटो लावायचा सल्ला दिला. ते म्हणाले, "फोटो नको. अस्सल पाहिजे."

अडचण उरली ती रुळांची. साठ किलोचं इंजिन दिवाणखान्यात पळवता येत नाही. या पट्ट्यात आता साठ मीटर सरळ मोकळी जागा मिळणं म्हणजे लॉटरी. ती मला लागली पुनावळ्यात. नामदेवअण्णा तिथले जुने शेतकरी. त्यांच्या शेतांवर आता बावीस बावीस मजले उभे आहेत आणि त्यातल्या दोन मजल्यांवर अण्णांचं कुटुंब राहतं. दोन इमारतींच्या मध्ये त्यांचा सहा गुंठ्यांचा चिंचोळा पट्टा उरला आहे. तो पालिकेच्या नकाशात रस्त्यासाठी राखीव आहे, म्हणून तिथे काही बांधता येत नाही. रस्ताही येत नाही. अण्णा तिथे मेथी लावतात आणि संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात.

मी भीत भीत विचारलं. अण्णा म्हणाले, "टाका की राव. रस्त्याची वाट बघून आमी म्हातारं झालो. रस्ता न्हाई आला, रेल्वे तर येऊ द्या."

मी रूळ टाकले. पाणसळ लावून, फुटाफुटावर तपासून. पंधरा दिवसांनी पाहिलं तर रूळ जागोजागी वरखाली झालेले. अण्णा शांतपणे म्हणाले, "काळी माती हाय ही. ती काय तुमच्या मापात ऱ्हाती व्हय?"

पहिली फेरी दसऱ्याला काढायची, हे अण्णांनी परस्पर ठरवलं. ठरवलं ते ठरवलं, वर गावातल्या एका भावी नगरसेवकालाही सांगितलं. तीन दिवसांत फ्लेक्स लागला. 'पुनावळेकरांच्या सेवेत रेल्वे दाखल'. त्यावर चौदा चेहरे होते, मध्ये बुलेट ट्रेन होती, आणि माझं नाव अगदी तळाशी, मंडपवाल्याच्या वर होतं. महामार्गावरून जाणारे एक गृहस्थ गाडी थांबवून आले आणि महिन्याचा पास केवढ्याला, असं विचारून गेले.

इंजिन तोवर वाफेवर चाललेलं नव्हतं. बॉयलर वेगळा तपासला होता. चाकं मी घरी स्टँडवर, कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरवून पाहिली होती आणि ती लोण्यासारखी फिरली होती. रुळांवर वाफेची चाचणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घ्यायची ठरवली. पण आदला दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या सबंध पट्ट्यातली यंत्रं झेंडूच्या माळा घालून बसतात. लेथपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं आणि पूजा झालेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. सुमनने इंजिनाला हळदकुंकू लावलं, चिमणीला माळ घातली. मी एकतीस वर्षं पाळलेला नियम पाळला. हात लावला नाही.

आता एक गोष्ट कोणत्याही नवशिक्याला कळेल. हवा थंड असते, वाफ तापलेली असते.

दसऱ्याला दीडशे माणसं जमली. रशीदभाईही आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि कडेला उभे राहिले. मी कोळसा पेटवला, चाळीस मिनिटांत दाब आला. भावी नगरसेवकाने नारळ फोडला आणि तीन पायऱ्यांच्या स्टेजवर चढून सांगितलं की आज पुनावळ्याचं नाव रेल्वेच्या नकाशावर आलं आहे. मी शिट्टी वाजवली. टाळ्या पडल्या. हँडल ओढलं आणि माझं इंजिन, मी स्वतः बनवलेलं पहिलं काहीतरी, भस् भस् करत निघालं. मला रडू येईल असं वाटलं.

ते सहा मीटर गेलं. सातव्या मीटरला जड झालं, आठव्याला कण्हल्यासारखं केलं आणि थांबलं. मी आणखी वाफ दिली. चाकं हलेनात. दाब वाढत गेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे कुकरची शिट्टी ज्या कामाला असते त्याच कामाची झडप, जोरात उडाली. पांढरा ढग वर गेला. लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

"भावा, धक्का मार," कोणीतरी म्हणालं. मंडळाच्या चार जणांनी इंजिन मागून ढकललं. चाकं फिरलीच नाहीत, रुळांवरून नुसती घसरत गेली. एकाने त्याचं मोबाइलवर चित्रण केलं.

रशीदभाई पुढे आले. वाकून त्यांनी मागच्या आसाजवळ हाताची पालथी बाजू नेली आणि लगेच मागे घेतली. तिथेच वर भट्टी असते, सगळ्यात जास्त ताप तिथे. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "साहेब, जागा किती ठेवली?"

"आठ मायक्रॉन."

ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि तेलाला?"

त्यांनी रुमालाने हात पुसला, अण्णांचा निरोप घेतला आणि गेले.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण सगळीकडे पोचलं. ढकलणारी माणसं कापली होती, वेग दुप्पट केला होता आणि वर खऱ्या इंजिनाचा आवाज घातला होता. त्यात माझं इंजिन वाऱ्यासारखं धावत होतं. जुन्या साहेबांचा संदेश आला, 'तुमचा अभिमान वाटतो'. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनांनी तीन फुलं टाकली. चाकणच्या कारखानदाराचा फोन आला, असंच पाहिजे. जगाच्या लेखी इंजिन पास झालं होतं. ते का चाललं नाही हे नक्की माहीत असलेली माणसं दोनच होती, आणि त्यांतला एक माणूस काही बोलणार नव्हता. मला या गोष्टीची चव ओळखीची वाटली. सुधारित ड्रॉइंगवर सही केली त्या दिवशी ती अशीच लागली होती.

तीन दिवस मी इंजिनाकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी सुमनने माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि म्हणाली, "त्या माणसाला सांगून टाका एकदा. मला सांगून काय उपयोग? मी अठरा वर्षं ऐकतेय."

मी तसाच उठलो आणि भोसरीची बस धरली. शेडमध्ये पोचल्यावर स्टूलवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. ड्रॉइंग बदललं होतं. सहा महिन्यांत बदललं. वीस मायक्रॉनने. तुमचं बरोबर होतं आणि ते मला कळलं होतं. मी आलो नाही.

रशीदभाई टॉर्चने नळी तापवत होते. त्यांनी टॉर्च बंद केला. "माहीत आहे साहेब," ते म्हणाले. "नवीन ड्रॉइंगवर ज्याला काम मिळालं तो बाजूच्याच शेडमधला. कारागीर पण माझाच नेला त्यानं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? कोड बंद. गेटवर आत सोडत नव्हते."

मग ते म्हणाले, "राग आला होता. झूठ नाही बोलणार. लेथ विकले त्या दिवशी तुमच्या नावानं इतक्या शिव्या दिल्या की घरात सगळ्यांना तुमचं नाव पाठ झालं. तुम्ही बॉयलर घेऊन आलात तेव्हा बायको म्हणाली, जोड कच्चा मारून द्या."

"मग?"

"कच्चा जोड मला येत नाही."

ते मागे गेले आणि तेलाचा एक चौकोनी डबा घेऊन आले. कडीला दोऱ्याने माझा लाल टॅग बांधलेला होता. रंग उडून गुलाबी झालेला, पण सही स्पष्ट. आत बुशं होती, तेलात बुडवून ठेवलेली. "त्या लॉटमधली चाळीसेक उरलीत. बाकीची वापरली. शटरला, गेटला, कोणाच्या हातगाडीला. सगळी फिरतायत." त्यांनी चार बुशं कागदावर काढून ठेवली. "तुमचा आस सोळाचाच आहे ना? तुमच्या लेथवर बाहेरून थोडी कातून घेऊ, बसतील. पण आधी तपासा. तुमच्या तपासणीशिवाय माझा माल बसवायचा नाही."

मी खिशातून मायक्रोमीटर आणि घरून आणलेलं गेज काढलं. हो, निवृत्तीनंतरही ते खिशात असतं. चारही बुशं तपासली. मर्यादेपेक्षा वीस मायक्रॉन जास्त. चारही सारखी. अठरा वर्षांपूर्वी त्या लॉटमध्ये एकही बुश दुसऱ्यापेक्षा वेगळं नव्हतं, हेही मी तेव्हा पाहिलं होतं आणि कुठे लिहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही चौघंच पुनावळ्यात होतो. मी, सुमन, रशीदभाई आणि खुर्चीत अण्णा. फ्लेक्स अजून होता, भावी नगरसेवक नव्हता. दाब आला. मी रशीदभाईंना पुढे बसवलं आणि हँडल त्यांच्या हातात दिलं. इंजिन निघालं. आठवा मीटर गेला, विसावा गेला. काळ्या मातीने वर उचललेल्या रुळांवर चाकं जराशी डुलायची, सावरायची आणि पुढे जायची. मेथीच्या वाफ्यांच्या कडेने रशीदभाई साठ मीटर गेले आणि उलटे परत आले. माझ्या कानाला आसातून बारीक खटखट ऐकू येत होती.

"आवाज येतोय," मी म्हणालो.

"इंजान हाय ते," अण्णा म्हणाले. "आवाज न्हाई करनार तर काय करंल?"

अकरा फेऱ्या झाल्या. अण्णा दोनदा बसले, सुमन चार वेळा. ती उतरताना म्हणाली, "तपासलं. पास आहे." मग भट्टी विझवून आम्ही कडेला बसलो. रशीदभाईंनी पिशवीतून तो रंग उडालेला लाल टॅग काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी हिरवा टॅग बरोबर आणला होता. नोकरीतलं शेवटचं पुडकं घरी अर्धं शिल्लक आहे. गुडघ्यावर धरूनच भरायला घेतला. भागाचं नाव, बुश. निर्णय, स्वीकृत. शेरा या रकान्यात लिहिलं, 'भोक वीस मायक्रॉन जास्त, तेलासाठी आवश्यक'. शेवटचा रकाना उशिराच्या कारणाचा असतो. रशीदभाई माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "लेट डिलिव्हरी मारू नका हां साहेब. माल वेळेवर आणला होता."

मी लिहिलं, 'माल वेळेवर. तपासणीस अठरा वर्षे उशीर. जबाबदार, तपासनीस'. खाली सही केली आणि नियमाप्रमाणे व्हेंडरची प्रत फाडून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग माझ्या गुडघ्यावरचा लाल टॅगही उचलला आणि म्हणाले, "हा पण द्या. घरी दोन्ही दाखवायचेत."